सावळे चेहरे पुसू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्ने उरकली की मुंबई-ठाण्यातले हॉल भरतात आणि मग उन्हाळा संपेपर्यंत घरोघर लग्नाच्या व्हिडिओंची हार्ड डिस्क येत राहते. या व्हिडिओंत एक खोड इतकी रुळली आहे की आता ती कुणाला खटकतही नाही. नवरा, नवरी, करवल्या, मामा, मावश्या, सगळ्यांचे चेहरे मूळ रंगापेक्षा उजळ करून ठेवलेले असतात. लग्नच कशाला, लघुपट, यूट्यूबवरच्या मुलाखती, गणेशोत्सवातल्या मंडळांचे व्हिडिओ, सगळीकडे तेच. 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये आपल्या नावातला 'फेअर' काढला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने वर्णावरून स्थळे गाळण्याची सोय बंद केली. एडिटिंगच्या टेबलावर मात्र तीच चाळणी अजून सुरू आहे, आणि तीही कुणी न मागता. हे बहुतेक वेळा मुद्दाम होत नाही. कॅमेऱ्याच्या मांडणीपासून एक्स्पोर्टपर्यंत जागोजागी लहान चुका होतात आणि प्रत्येक चुकीवर उपाय म्हणून चेहरा आणखी थोडा उजळला जातो. या चुका कुठे होतात आणि कशा टाळायच्या, ते जरा तपशिलाने लिहितो. हे पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे, पण विषय आकड्यांशिवाय मांडता येण्यासारखा नाही.

सुरुवात प्रत्यक्ष आकड्यांनी करू. रंग तपासण्यासाठी चोवीस चौकोनांचा कलरचेकर तक्ता जगभर वापरतात. त्यातला पहिला चौकोन गडद त्वचेचा आहे आणि दुसरा उजळ त्वचेचा. पहिला त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १० टक्के प्रकाश परत फेकतो, दुसरा सुमारे ३६ टक्के. म्हणजे एकाच दिव्याखाली शेजारी उभ्या असलेल्या सावळ्या आणि गोऱ्या माणसात जवळपास पावणेदोन स्टॉपचा फरक असतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). साध्या रेक. ७०९ चित्रात, म्हणजे नेहमीच्या टीव्ही-यूट्यूबच्या प्रतीत, १८ टक्के प्रकाश परत फेकणारे राखाडी ग्रे कार्ड वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, ४१ टक्क्यांच्या आसपास येते, उजळ चेहरा ६०च्या आसपास आणि गडद चेहरा २९च्या आसपास. डाविंची रिझॉल्व्ह या रंगकामाच्या सॉफ्टवेअरची ० ते १०२३ची पट्टी लावली असेल तर हेच आकडे अंदाजे ४२०, ६१० आणि ३०० होतात. प्रकाश समोरून आणि नीट पडलेला असताना सावळा चेहरा ३००वर दिसला तर तो अंधारलेला नसतो, तो आहे तिथेच आहे. ही एक गोष्ट एडिटरच्या मनात पक्की बसली तर निम्मे काम होते.

पहिली चूक कॅमेऱ्यावरच होते. 'चेहऱ्यावर ७० टक्क्यांचा झेब्रा (ठरावीक उजेडावर कॅमेऱ्यात दिसणारे तिरपे पट्टे) आला की एक्स्पोजर बरोबर' हा नियम गोऱ्या कातडीसाठी बनलेला आहे. सावळ्या नवऱ्याच्या गालावर ७० टक्क्यांच्या पट्ट्या येईपर्यंत आयरिस, म्हणजे लेन्सचे भोक, उघडली तर चित्र दोन स्टॉपहून जास्त उघडते. मग शालूची जर, मुंडावळ्यांचे मोती, गुरुजींचे पांढरे उपरणे हे सगळे जळून सपाट पांढरे होते, आणि जळलेला भाग ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतरच्या रंगकामात, परत येत नाही. एक्स्पोजर चेहऱ्यावरून ठरवण्यापेक्षा ग्रे कार्डवरून ठरवावे. सोनीच्या एस-लॉग३ मध्ये (लॉग म्हणजे उजेड-अंधार दाबून साठवणारे फिके रेकॉर्डिंग) शूट करत असाल तर ग्रे कार्ड ४१ टक्क्यांवर आणि ९० टक्क्यांचा पांढरा ६१ टक्क्यांवर बसतो, गडद त्वचा साधारण ३४वर आणि उजळ त्वचा ४९वर. लॉगमध्ये दोघांतले अंतर पंधराच अंकांचे उरते हे लक्षात घ्या. अंधाऱ्या हॉलमध्ये सावल्यांत दाणे येऊ नयेत म्हणून सगळे चित्र एक-दीड स्टॉप जास्त उघडून शूट करणे योग्यच, फक्त ते सगळ्यांसाठी सारखे असावे आणि ग्रेडिंगमध्ये सगळ्यांसाठी सारखेच खाली आणावे.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगाशी कॅमेरा जुळवणे, ऑटोवर ठेवू नका. हळदीच्या कार्यक्रमात हे फार नडते. मंडप पिवळा, साड्या पिवळ्या, झेंडूच्या माळा, त्यात चेहऱ्याला हळद. कॅमेरा समजतो की प्रकाशच पिवळा आहे आणि सगळे चित्र निळ्याकडे ओढतो. नंतर एडिटर ते परत पिवळे करायला जातो आणि प्रत्येक शॉटमध्ये वेगळा आकडा लागतो, कारण नवरी थोडी वळली तरी कॅमेऱ्याने आपला अंदाज बदललेला असतो. दिवसाच्या उजेडाला ५६०० केल्व्हिन, जुन्या पिवळ्या बल्बला २८००च्या आसपास, पावसाळी ढगाळ आभाळाला ६५००च्या पुढे, असा आकडा ठरवून कुलूप लावावे, आणि दिवे बदलले की पुन्हा पाच सेकंद ग्रे कार्ड शूट करावे. आरेच्या झाडीत लग्नाआधीचे शूटिंग करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पानांवरून परत येणारा प्रकाश हिरवा असतो आणि तो गालाच्या खालच्या बाजूला, हनुवटीखाली बसतो. सावळ्या चेहऱ्यावर हा हिरवेपणा आजारी दिसतो आणि मग तो घालवायला लोक चेहरा उजळतात. खरा उपाय म्हणजे शूटिंगच्या वेळी पांढरा थर्मोकोल चेहऱ्याच्या खालच्या बाजूने धरणे. ते राहिले असेल तर ग्रेडिंगमध्ये फक्त त्वचेपुरता टिंट (हिरवा-मॅजेंटा तोल) थोडा मॅजेंटाकडे, म्हणजे जांभळट गुलाबीकडे, न्यावा. उजेडाचा स्लायडर हलवायची गरज नाही.

प्रकाश मुळातच वाईट असेल तर सॉफ्टवेअर काहीच करू शकत नाही. रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांचा रंग दाखवण्याचा निर्देशांक शंभरात वीस-पंचवीसच असतो. त्या प्रकाशात त्वचेतला तांबूसपणा आणि हिरवटपणा यांत फरक करणारी माहितीच कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही, मग ती नंतर आणणार कुठून? २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले तेव्हा शहरात केवढा गदारोळ झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, हे अनेकांना आठवत असेल. तो वाद शहराच्या रूपाचा होता. कॅमेऱ्याच्या दृष्टीने मात्र पिवळ्याऐवजी पांढरा एवढ्यावर भागत नाही, कारण स्वस्त पांढरा एलईडीही चेहऱ्याला घातक असतो. खोक्यावर छापलेला सीआरआय, म्हणजे हाच निर्देशांक, आठ फिक्या रंगांच्या चाचणीची सरासरी असतो. गर्द लाल रंगाची नववी चाचणी, जिला आर-९ म्हणतात, ती त्या सरासरीत येतच नाही. त्वचेखालचे रक्त आणि कपाळावरचे कुंकू नेमके त्या नवव्या रंगावर उभे आहेत. सीआरआय ८० लिहिलेल्या दिव्याचा आर-९ शून्याच्या आसपासही असू शकतो. लोहार चाळीत स्टुडिओसाठी दिवे घेताना सीआरआय ९५च्या वर आहे का आणि आर-९ वेगळा दिला आहे का, एवढे विचारून घ्या. दिले नसेल तर दिवा ठेवून या. आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर. मोबाइलवर ३० फ्रेम, १/६० ठेवले की ट्यूबलाइटखाली चेहरा धडधडतो, आणि तो फडफडाट काढायचे साधन रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत नाही.

आता एडिटिंग. सर्वांत मोठी हानी इथे होते आणि ती तयार लटमुळे होते. लट म्हणजे रंग बदलण्याचा तयार तक्ता. आत आलेल्या अमुक रंगाचे बाहेर तमुक करायचे, एवढेच त्यात लिहिलेले असते. नेहमीच्या लटमध्ये प्रत्येक बाजूला ३३ बिंदू, म्हणजे एकूण ३५,९३७ नोंदी असतात आणि मधल्या रंगांचा अंदाज बांधला जातो. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या 'सिनेमॅटिक' लट बहुतेक एकाच धाटणीच्या असतात: सावल्या निळसर-हिरव्या, उजळ भाग नारिंगी. गोऱ्या चेहऱ्यावर हे चालून जाते, कारण तो ६०च्या आसपास, उजळ भागात बसतो आणि त्याला नारिंगी ऊब मिळते. सावळा चेहरा २९वर असतो. लटच्या हिशेबाने ती सावली. म्हणून नारिंगीऐवजी त्याच्यावर निळसर-हिरवा चढतो. गाल राखाडी होतात, ओठ जांभळट दिसतात, डोळ्यांखाली शेवाळल्यासारखी झाक येते. एडिटरला वाटते चेहरा 'मेला'. तो गॅमा (मधल्या छटांचा उजेड) वर ढकलतो, चेहरा त्या निळसर पट्ट्यातून बाहेर येऊन नारिंगीत शिरतो आणि अचानक बरा दिसू लागतो. सावळा माणूस गोरा होण्यामागचे सगळ्यात नेहमीचे कारण हे आहे. लट बनवणाऱ्याच्या नजरेसमोर आपल्यासारखे चेहरे नव्हते, एवढेच त्यातून कळते. हे काही नवीनही नाही. कोडॅकच्या काळात प्रयोगशाळांत छपाईचे रंग जुळवण्यासाठी जी 'शर्ली कार्डे' असत, त्यांवर कित्येक वर्षे फक्त गोऱ्या स्त्रीचे चित्र होते. ती गोरी नीट दिसली की यंत्र ठीक चालले आहे असे मानत.

तर क्रम असा ठेवावा. डाविंची रिझॉल्व्ह घेऊन सांगतो, कारण मोफत आवृत्तीतही हे सगळे होते. कलर पानावर ऑल्ट आणि एस दाबून ओळीने नोड (कामाच्या पायऱ्या) बनवा. पहिल्या नोडवर कलर स्पेस ट्रान्सफॉर्म टाका: इनपुटला कॅमेऱ्याचा खरा गॅमट (रंगांची व्याप्ती) आणि गॅमा (इथे उजेड साठवण्याची पद्धत), उदाहरणार्थ एस-गॅमट३.सिने आणि एस-लॉग३, आउटपुटला डाविंची वाइड गॅमट आणि डाविंची इंटरमीडिएट. शेवटच्या नोडवर पुन्हा तेच साधन, या वेळी आत वाइड गॅमट-इंटरमीडिएट आणि बाहेर रेक. ७०९, गॅमा २.४, टोन मॅपिंग डाविंचीवर. सगळे काम या दोघांच्या मध्ये. कॅमेऱ्याचा गॅमट चुकीचा निवडला तर पुढचे सगळे वाया जाते. सोनीच्या मेनूत एस-गॅमट३ आणि एस-गॅमट३.सिने असे दोन आहेत, त्यांची गल्लत झाली तर त्वचेची छटा आणि रंगाची तीव्रता दोन्ही सरकतात. आयफोनचा व्हिडिओ असेल तर तो साधा आहे की एचडीआर (उजेडाचा जास्त मोठा पल्ला साठवणारा) हे आधी बघा. आयफोन १२पासून फोन १० बिटचा डॉल्बी व्हिजन व्हिडिओ घेतो आणि तो रूपांतर न करता रेक. ७०९ टाइमलाइनमध्ये टाकला की चेहरे भगभगीत पांढरे दिसतात. अनेकांना वाटते फोनने 'छान उजळ' घेतले आहे.

दुसऱ्या नोडवर फक्त समतोल. ऑफसेटने एक्स्पोजर, मग तापमान आणि टिंट. नजर परेडवर, म्हणजे तिन्ही रंगांच्या वेगवेगळ्या आलेखांवर, ठेवा: ग्रे कार्डावर लाल, हिरवी, निळी तिन्ही रेघा एका पातळीत आल्या की थांबा. कार्ड नसेल तर गुरुजींचे उपरणे किंवा भिंतीचा पांढरा रंग घ्या, पण मुंबईतल्या हॉलच्या भिंती बहुधा मोतिया किंवा पिवळट असतात, त्यांवर पूर्ण विश्वास टाकू नका. काळ्यासाठी मंगळसूत्राचे मणी उत्तम खूण आहे. मणी राखाडी दिसू लागले की समजावे लिफ्ट, म्हणजे काळ्याची पातळी, जास्त झाली. कुंकवाचेही तसेच. ते गुलाबी पडले तर चित्र फार उघडले आहे, नारिंगी झाले तर पिवळ्याकडे झुकले आहे. हे दोन खरे रंग प्रत्येक मराठी लग्नात चेहऱ्याच्या हातभर अंतरात मिळतात, आणि ते बघून काम करायला एक पैसा लागत नाही.

तिसऱ्या नोडवर कॉन्ट्रास्ट. इथे एक खड्डा आहे ज्याकडे शिकवणारेही क्वचित लक्ष वेधतात. रिझॉल्व्हमध्ये कॉन्ट्रास्टचा पिव्हट मुळात ०.४३५ असतो. पिव्हटच्या वरचे सगळे उजळते, खालचे सगळे अंधारते. पण डाविंची इंटरमीडिएटमध्ये मधला राखाडी ०.३३६वर असतो, गडद त्वचा ०.२८च्या आसपास आणि उजळ त्वचाही ०.४१च्या आसपास. म्हणजे पिव्हट न बदलता कॉन्ट्रास्ट वाढवला की जवळजवळ प्रत्येक चेहरा खाली जातो, आणि जो आधीच खाली आहे तो सर्वांत जास्त जातो. मग 'नवरा काळा पडला' म्हणून गॅमा वर. गॅमा वर नेला की केस आणि कोट धुरकट होतात, म्हणून पुन्हा कॉन्ट्रास्ट. या फेऱ्यांत नाकाची कड, गालाचे हाड, कपाळावरची चमक, सगळे सपाट होते. पिव्हट ०.३३६वर आणा. दृश्यात मुख्य व्यक्ती सावळी असेल तर ०.२८पर्यंत खाली घ्या. मग कॉन्ट्रास्ट वाढवूनही ती व्यक्ती जागची हलत नाही, फक्त तिच्याभोवतीची खोली वाढते.

चौथा नोड त्वचेचा, आणि तो बहुतेक शॉटना लागतच नाही. लागला तर आधी चेहऱ्यावर गोल पॉवर विंडो (फक्त तेवढा भाग निवडणारा आकार) टाका, कड मऊ करा, कंट्रोल आणि टी दाबून ट्रॅक करा. शिफ्ट आणि एच दाबले की फक्त निवडलेला भाग दिसतो आणि व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगछटा दाखवणाऱ्या गोल आलेखावर, तेवढ्याचाच ठिपक्यांचा पुंजका उरतो. स्कोपच्या सेटिंगमध्ये त्वचेची रेघ दाखवण्याची सोय आहे, ती चालू करा. लाल आणि पिवळ्याच्या मधून, घड्याळातल्या अकराच्या दिशेने ती जाते. गोरा असो की सावळा, नीट समतोल केलेल्या चेहऱ्याचा पुंजका त्या रेघेच्या आसपासच पडतो, कारण त्वचेखालचे रक्त सगळ्यांचे लालच आहे. वर्णातला फरक मुख्यतः उजेडाचा आणि रंगाच्या तीव्रतेचा असतो, छटेचा कमी. पुंजका रेघेपासून बराच दूर हिरव्याकडे गेला असेल तर टिंट सुधारा. दोन-चार अंश इकडेतिकडे असेल तर सोडून द्या, प्रत्येकाची त्वचा ही गणिताची रेघ नसते. हळद लागलेला चेहरा तर पिवळ्याकडे जाणारच, आणि गेलाच पाहिजे. तो ओढून रेघेवर आणणाऱ्याने हळदीचा कार्यक्रमच पुसला.

क्वालिफायरने, म्हणजे रंगावरून भाग निवडणाऱ्या साधनाने, त्वचा निवडताना सागवानी दार, सोनेरी काठ आणि विटकरी भिंत हेही सोबत उचलले जाते, कारण त्यांची छटा त्वचेच्याच पट्ट्यात असते. म्हणून क्वालिफायर एकटा कधी वापरू नये, विंडोच्या आत वापरावा आणि क्लीन ब्लॅक, क्लीन व्हाइट व थोडा ब्लर देऊन कड स्वच्छ करावी. फुटेज ८ बिट ४:२:० असेल तर आणखी जपावे. त्यात चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद असते, त्यामुळे केसांच्या कडेला निवड करवतीसारखी दातेरी येते. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटला १,०२४. २९ टक्क्यांवरचा चेहरा ६०वर नेताना गालावरच्या मोजक्या पायऱ्या ताणल्या जातात, पट्टे उमटतात, दाणे वर येतात. ते झाकायला मिडटोन डिटेल उणे करतात किंवा चेहरा मऊ करणारे साधन लावतात. कातडीवरची रंध्रे गेली, खळी गेली, वय गेले. आजीच्या सुरकुत्याही गेल्या, ज्या तिच्या नातवंडांना उद्या बघायच्या आहेत.

मग चेहऱ्याला काहीच मदत करायची नाही का? करायची, पण मूळ पातळीला धक्का न लावता. गडद त्वचा तिच्यावरच्या चमकेतून उठून दिसते, कपाळ, गालाचे हाड, नाकाचा शेंडा इथल्या झळाळीतून. म्हणून विंडोच्या आत कर्व्हचा खालचा आणि मधला बिंदू पक्का करून फक्त वरचे टोक किंचित उचला. गालाचा रंग आहे तिथेच राहतो, चमक वाढते, चेहऱ्याला आकार येतो. चेहरा खरोखरच अंधारात राहिला असेल, म्हणजे मागे वांद्र्याचा समुद्र आणि सूर्य असेल, तर विंडोने एक तृतीयांश ते अर्धा स्टॉप वर घ्या, त्याहून जास्त नको, आणि विंडो चेहऱ्यापुरती न ठेवता मान, हात आणि खांद्यापर्यंत मोठी करा. मान काळी आणि चेहरा गोरा, असे मुखवटे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्याच दृश्यातला एक चांगला शॉट स्टिल म्हणून गॅलरीत घेऊन वाइपने (पडद्यावर शेजारी ठेवून) बाकीचे शॉट त्याच्याशी जुळवा, म्हणजे मंगलाष्टकांत सावळा असलेला नवरा सप्तपदीत गोरा होणार नाही. लूक, मग तो नारिंगी असो की जुन्या फिल्मसारखा, या सगळ्यानंतरच्या पाचव्या नोडवर येतो. लट लावायचीच असेल तर ती लॉग मागते की रेक. ७०९ हे आधी तपासा. मग त्या नोडचे 'की आउटपुट', म्हणजे त्याचा परिणाम किती मिसळायचा ते, ३० टक्क्यांवर आणा आणि फक्त सावळ्या चेहऱ्याकडे बघत वाढवा.

स्टेजवरचे निळे आणि जांभळे एलईडी 'पार' दिवे (रंगीत झोत टाकणारे) हा वेगळा त्रास. त्यांचा रंग इतका टोकाचा असतो की चेहऱ्याची एक बाजू सपाट निळा डाग बनते. पहिल्या रूपांतराच्या नोडनंतर गॅमट मॅपिंग लावून तीव्रता दाबली तर थोडा आकार परत येतो, पूर्ण नाही. डेकोरेटरला आधीच सांगावे की विधी चालू असताना रंगीत दिवे मागच्या पडद्यावर ठेवा, माणसांवर नको.

बघण्याची जागा बिघडली तर वरचे सगळे व्यर्थ जाते. दुपारची खिडकी उघडी, मॉनिटर ३०० निटवर (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप), ट्यूबलाइट हिरवट, अशा खोलीत केलेले काम दुसऱ्या घरात वेगळेच दिसणार. एसडीआर, म्हणजे एचडीआर नसलेल्या साध्या, कामासाठी मॉनिटर १०० निटवर, पांढरा ६५०० केल्व्हिनवर, मागच्या भिंतीवर त्याच रंगाचा मंद दिवा, बाकी पडदे बंद. मॅकवर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट बंद. प्रोब या मोजणीच्या उपकरणाने महिन्यातून एकदा मॉनिटर मोजावा, प्रोब भाड्यानेही मिळतो. मॅकवाल्यांना आणखी एक जाच आहे. क्विकटाइममध्ये उघडलेली रेक. ७०९ फाइल रिझॉल्व्हमधल्यापेक्षा फिकी दिसते, कारण तिथे गॅमा २.४ ऐवजी सुमारे १.९६ धरला जातो. ते बघून घाबरून कॉन्ट्रास्ट वाढवला की टीव्हीवर सावळे चेहरे शाईत बुडतात. फाइल जशी आहे तशी ठेवा आणि खऱ्या टीव्हीवर तपासा. यूट्यूबसाठी १०८०पी असेल तर ८ एमबीपीएस, ४के असेल तर ३५ ते ४५, याखाली जाऊ नका, दाबलेल्या फाइलमध्ये सर्वांत आधी गडद चेहऱ्यांवरचे तपशील जातात. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर व्हिडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चित्रपटगृहासाठी काम करणाऱ्यांना एवढेच: पडदा ४८ निटचा आणि गॅमा २.६ असतो, तोही प्रोजेक्टरचा दिवा नवा असेल तर. दिवा जुना झाला की सावळे चेहरे सर्वांत आधी बुडतात. यावर उपाय दिवा बदलणे हा आहे, नायिका उजळणे हा नव्हे.

वाचकांना घरच्या घरी करता येण्यासारखे एक काम आहे. टीव्हीचा पिक्चर मोड 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर तो पांढऱ्यात निळा घालतो आणि चेहऱ्यांवर चुना फासल्यासारखा उजेड आणतो. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड निवडा, रंगाचे तापमान 'वॉर्म' ठेवा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळा बसतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ब्यूटी मोड असेल तर तोही शून्यावर आणा, अनेक फोनमध्ये तो मुळातच चालू असतो.

आपल्या छायाचित्र विभागालाही एक विनंती. वर्तमानपत्राच्या कागदावर शाईचा ठिपका पसरतो, त्यामुळे छपाईसाठी मधल्या छटा थोड्या वर घ्याव्या लागतात हे आम्हाला ठाऊक आहे. ती भरपाई सबंध चित्राला सारखी असावी. निवडून चेहऱ्याला केली की ती भरपाई राहत नाही.

आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी व्हिडिओवाल्याला ऑर्डर देतानाच तीन गोष्टी लिहून द्याव्यात: चेहरा उजळायचा नाही, त्वचा मऊ करायची नाही, आणि कॅमेऱ्यातले मूळ फुटेज हार्ड डिस्कवर वेगळे द्यायचे. तिसरी सर्वांत महत्त्वाची. एक्स्पोर्ट झालेल्या फाइलमधून गेलेला रंग परत काढता येत नाही, मूळ लॉग फुटेज असेल तर दहा वर्षांनीही कुणीतरी ते पुन्हा नीट ग्रेड करू शकतो. डिस्क दोन घ्या आणि दुसरी वेगळ्या घरात ठेवा.

आपले,
गोरेगाव-अंधेरी भागात काम करणारे काही कलरिस्ट
मुंबई